बहिणीच्या चौकटीत फुली

ओकाकारारा,
९ फेब्रुवारी १९९३

त्साऊच्या वाळूत रुतून बसलेल्या उचिउआला,

तुझं डिसेंबरचं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबड्यांनी अंगण उकरल्यासारखं. आधी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं, शेवटी पाद्रीबुवांकडे नेलं. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

गुडघे दुखतात म्हणतेस. दुखणारच. सत्तावन्न वर्षं एवढं मोठं तोंड घेऊन चालायचं, तर भार कुणावर येणार? त्यात डोक्यावर ती कापडाची शिंगं. आमच्याकडच्या बायकाही शिंगं बांधतात, पण दारातून आत येता येईल इतपतच.

आता कामाचं बोलतो, नीट ऐक. सरहद्दीपलीकडे राहिलेल्या आपल्या लोकांना परत आणायचं आता सरकारने मनावर घेतलं आहे. इथल्या नातेवाइकाने अर्ज करायचा, नातं लिहायचं, शिक्का घ्यायचा, की तिकडून गाडीत जागा मिळते. मुदत तीस जूनपर्यंत. त्यानंतर पुन्हा कधी, ते कुणालाच माहीत नाही. तुझा अर्ज मी भरतो. तुझ्यासारखी बाई आणणं देशाच्या हिताचं नाही, पण देश मोठा आहे, सोसेल.

घरात जागा आहे. माझी बायको हिल्देगार्ड जाऊन चार वर्षं झाली. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसतो आणि दुसरीवर शेळी. कितीदा हाकललं तरी ती पुन्हा येऊन बसते. तिलाही वाटत असावं की तिथे कुणीतरी असायला हवं.

तुझा ओमुरामवे, तुला दुसरा मिळणार नाही म्हणून,
एवाल्ड

—

त्साऊ,
२ मार्च १९९३

पंप बिघडवण्यात नाव काढलेल्या एवाल्डास,

छप्पन साली तू ट्रकवर बसून इथे आलास आणि आमच्या गावचा पंप दुरुस्त केलास. त्यानंतर दोन आठवडे नळाला वाळू येत होती. म्हातारी माणसं अजून त्या सालाला 'एवाल्डच्या वाळूचं साल' म्हणतात. असा माणूस माझा अर्ज भरणार! अर्ज उत्तर ध्रुवावर पोचला नाही म्हणजे मिळवली.

तरी भर. यायचं आहे मला.

का ते सांगते. गेल्या महिन्यात नात माउनहून सुट्टीला आली होती. तुझा फोटो पाहून तिने विचारलं, "आजी, हा टकल्या कोण?" मी म्हटलं, माझा ओमुरामवे. ती म्हणाली, "म्हणजे कझिन." कझिन! मी हातातली सुई खाली ठेवली. म्हटलं, अगं, काकाचा मुलगा कझिन, मावशीचा मुलगा कझिन आणि मामाचा मुलगाही कझिन, तर मग मान कुणाला द्यायचा आणि कान कुणाचा ओढायचा? काका-मावशीची पोरं ही आपली सख्खी भावंडं, त्यांच्यापुढे जीभ आवरायची. मामा-आत्याचा तो ओमुरामवे. त्याला वाटेल ते बोलावं, त्याची टोपी पळवावी, आणि नशिबात असेल तर त्याच्याशी लग्नही करावं. ती म्हणाली, "बापरे, आजी, एवढं कोण लक्षात ठेवणार?"

मी ठेवलं, एवाल्ड. गोऱ्यांच्या बंदुकांपुढून पळताना आजीने माझ्या आईला पाठीला बांधून ओमाहेके वाळवंटाची वाळू ओलांडली, तेव्हा आई पाच वर्षांची होती. तिचा भाऊ, म्हणजे तुझा बाप, मागे राहिला. गुरं गेली, भांडी गेली, पवित्र अग्नीची राखसुद्धा वाटेत सांडली. शब्द तेवढे इकडे पोचले, कारण ते उचलावे लागले नाहीत. आई मला म्हणायची, "तिकडे माझ्या भावाचा मुलगा आहे, त्याला तू काहीही बोलू शकतेस." लहानपणी मला वाटायचं, जगात हीच एक श्रीमंती आहे.

नवऱ्यामागे राहिलेली गुरं एकोणीस आहेत. सरहद्दीच्या तारेच्या कुंपणापलीकडे नेऊ देत नाहीत, म्हणून धाकट्या दिराला देऊन टाकणार. पांढऱ्या कपाळाची तांबडी गाय सोडताना जीव तुटेल, ते आताच सांगून ठेवते. प्रवासासाठी हिरवा झगा शिवायला घेतला आहे, दहा वार कापड लागलं. तुझ्या घराचं दार मोजून कळव.

खुर्चीचं वाचलं. विचारायचं असेल तर सरळ विचार, नाहीतर शेळीशीच संसार कर.

तुझी ओमुरामवे, पर्याय नाही म्हणून,
उचिउआ

—

ओकाकारारा,
६ एप्रिल १९९३

आदरणीय भगिनी उचिउआ हिस,

सादर नमस्कार. आपलं पत्र पावलं. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. आपल्या गुडघ्यांबद्दल कळून फार वाईट वाटलं. गुडघे ही फार महत्त्वाची गोष्ट आहे.

आपला अर्ज रीतसर दाखल झाला असून त्यावर शिक्का पडला आहे. आपण निश्चिंत असावं. इकडे पाऊस कमी आहे. दाराची रुंदी तीन फूट असून आपणास कोणतीही अडचण येणार नाही.

आपला आज्ञाधारक बंधू,
एवाल्ड कातुउओ

ता. क. शेळीची प्रकृती ठीक आहे.

—

त्साऊ,
२५ एप्रिल १९९३

एवाल्ड,

तुला झालंय तरी काय?

पत्र दोनदा वाचलं, मग पाकीट उलटून पाहिलं की चुकून दुसऱ्याचं तर आलं नाही ना. 'आदरणीय'? 'आपले गुडघे'? सदतीस वर्षांत तू मला एकदाही आदर दिला नाहीस, मी कधी तक्रार केली का? शेजारणीला वाचून दाखवलं, तर तिने विचारलं, "मेला का गं तो? मेलेल्या माणसाच्या नावाने दुसरं कुणीतरी लिहितं तसं वाटतं."

आजारी असशील तर सांग. आजारी नसशील तर मग मला कळलं आहे. ओत्जिवारोंगोची ती शिक्षिका, जी तुला केक पाठवते असं तू नाताळात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतंस. तिने तुला चांगलं वळण लावलेलं दिसतं. दुसऱ्या खुर्चीवर तिला बसव, आणि मी आले की माझ्यासाठी अंगणात चटई टाक आणि वर बंधू म्हणून आशीर्वाद दे.

मला रडू आलं. लपवत नाही. तू मला म्हातारी म्हण, गाढवीण म्हण, माझ्या शिंगांना कपडे वाळत घालायची दोरी म्हण, मला ते सगळं गोड लागतं. 'भगिनी' मात्र गळ्याखाली उतरत नाही.

हिरवा झगा अर्धा शिवून पेटीत टाकला आहे.

उचिउआ

—

ओकाकारारा,
१७ मे १९९३

उचिउआ,

हे पत्र ट्रकवाल्या मोझेसच्या हाती देतोय, कचेरीच्या गाडीने नाही. का ते वाच, आणि वाचून झाल्याशिवाय चूल पेटवायला घेऊ नकोस.

मी कचेरीत गेलो. खिडकीत एक तरतरीत मुलगी होती, उत्तरेकडची, तिची भाषा वेगळी. अर्जावर पहिल्याच ओळीत होतं, 'बापाचं नाव'. मी विचारलं, कुणाच्या बापाचं? आपल्या भाषेत नुसता बाप असतो का कुठे? ताते म्हणजे माझा बाप, इहो म्हणजे तुझा बाप, इहे म्हणजे त्याचा बाप. ती म्हणाली, "आजोबा, अर्जाच्या बापाचं." मागची रांग हसली. तिथेच माझा धीर सुटला.

मग आलं 'नातं'. खाली चौकटी: आई-बाप, नवरा-बायको, मूल, भाऊ-बहीण, इतर. मी म्हटलं, ओमुरामवे. तिने चौकटींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मग इतर. पण इतरांचे अर्ज मागून बघतात. वर्ष लागेल, दीड लागेल." मी त्या इतरांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. माझ्या कमरेइतका उंच होता. उचिउआ, मी एकोणसाठ वर्षांचा आहे. मी बहिणीच्या चौकटीत फुली मारली.

शिक्का पडला. वर कचेरीच्या मोठ्या बाई चिरिमुये यांची सही झाली. मी उड्या मारत घरी आलो. दुसऱ्या दिवशी कळलं की कचेरीच्या गाडीने जाणारी पत्रं तपासणीसाठी उघडतात. आता बहिणीला कोण लिहितं की तुझं तोंड मोठं आहे? म्हणून ते गुडघ्यांचं पत्र लिहिलं. त्या एका पानाला मला चार दिवस लागले. 'आदरणीय' तर तीनदा खोडून लिहिलं.

आणखी एक भानगड आहे. पाद्रीबुवांना मी आडून विचारलं की समजा, उद्या मला लग्न करायचं झालं तर. त्यांनी विचारलं, कुणाशी? मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "एवाल्ड, सरकारच्या शिक्क्याने जी तुझी बहीण आहे, तिचं नाव मी चर्चच्या वहीत तुझी बायको म्हणून कसं लिहू?"

तर हे विचारायचं होतं मला, आणि आता तेच विचारता येत नाही.

शिक्षिकेचा केक शेळीने खाल्ला. मी एकदाच चाखला होता, त्यात साखर विसरली होती.

माझं ऐकशील तर सध्या बहीण म्हणूनच ये. कोपऱ्यातली खोली देईन, बहिणीसारखा मान ठेवीन. निदान एका अंगणात तरी असू. चौकट बदलायला गेलो तर अर्ज त्या गठ्ठ्यात जाईल, आणि तीस जून उलटून जाईल.

तुझा,
काय लिहू तेच कळत नाही,
एवाल्ड

—

त्साऊ,
३ जून १९९३

फुली मारणाऱ्यास,

चार पोरांचा बाप झालास, नातवंडं झाली, आणि एक चौकट सांभाळता आली नाही!

मान देशील म्हणतोस. कुणी मागितला आहे तुझा मान? मान द्यायला इथे माझे तीन सख्खे भाऊ आहेत. माझ्यासमोर ते इतके गुमान बसतात की मला जांभया येतात. सकाळी उठून तू मला "ताईसाहेब, ओमाएरे घेणार का" असं विचारणार आणि मी मान खाली घालून आंबट दूध पिणार? त्यापेक्षा मी इथेच बरी.

छप्पन साली तुझ्या बापाने तुझ्यासाठी मला मागणी घालून गुरं पाठवली होती. ती सरहद्दीवर अडली. मी दोन वर्षं त्या वाटेकडे डोळे लावून बसले होते, हे मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. मग माझं लग्न झालं, तुझं झालं, दोघांची माणसं चांगली निघाली, देवाची कृपा. आता पुन्हा वाट मोकळी झाली, तर तू स्वतःच्या हाताने कुंपण घातलंस. तेही कसलं? पेनाचं!

मी बहीण म्हणून येणार नाही. एकोणीस गुरं सोडते आहे, घर सोडते आहे, नवऱ्याची कबर सोडते आहे. सगळं सोडीन. पण आईने वाळूतून आणलेला तो शब्द त्या खिडकीत टाकून आत शिरणार नाही. कागदावर मी बहीण झाले, की माझी नात म्हणेल, "बघ आजी, कझिन काय आणि बहीण काय, एकूण एकच."

सोबत दुसरं पाकीट आहे, कचेरीच्या मोठ्या बाईंसाठी. त्या चिरिमुये, म्हणजे नावावरून आपल्यातल्याच असणार. हे उघडू नकोस, नेऊन दे. तू उघडणारच, म्हणून सांगून ठेवते, त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

उचिउआ

—

त्साऊ,
३ जून १९९३

श्रीमती चिरिमुये यांस,

मी एवाल्ड कातुउओ या माणसाची बहीण असल्याचं तुमच्या कागदात लिहिलं आहे. ते खोटं आहे. त्याचा बाप आणि माझी आई एका पोटचे. पण हे सांगणारी माणसं आता जिवंत नाहीत आणि माझ्याजवळ कागद नाही. म्हणून मी जे सिद्ध करू शकते ते करते. बाई, तुम्ही आपल्यातल्या आहात. पुढचं वाचा आणि तुम्हीच ठरवा, कोणती बहीण भावाला असं बोलेल.

या माणसाचे कान एवढे मोठे आहेत की वारा सुटला की तो वाट सोडून बाजूला जातो. लहानपणी त्याच्या आईने त्याला दोनदा गाढवाच्या पिल्लांत शोधलं. त्याचं डोकं पूर्वी भोपळ्यासारखं होतं, आता धुतलेल्या भोपळ्यासारखं आहे. तो चर्चमध्ये गातो तेव्हा पाद्रीबुवा दोन कडवी गाळतात. त्याने दुरुस्त केलेला पंप वाळू देतो, त्याने बांधलेलं फाटक गुरांना आत येऊ देतं पण बाहेर जाऊ देत नाही, आणि त्याच्या हातचं मटण खाऊन त्याचा कुत्रा शेजारी राहायला गेला.

छप्पन साली त्याने माझी शिंगं पळवून गाढवाच्या डोक्याला बांधली आणि सगळ्या गावाला सांगितलं की उचिउआ पाणी आणायला निघाली आहे. मी त्याच्या दुधात मूठभर मीठ टाकलं. तो ते माझ्याकडे बघत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि म्हणाला, "आणखी आहे का?" असा हा मूर्ख आहे.

तो भित्रा आहे. सदतीस वर्षांत त्याने मला एक प्रश्न विचारला नाही. विचारायची वेळ आली, तर चुकीच्या चौकटीत फुली मारून मोकळा झाला.

बाई, मी त्याची बहीण असते तर मला यातलं एक अक्षर बोलता आलं नसतं. आणि बोलता आलं नसतं, तर मी इतकी वर्षं कशाच्या जोरावर काढली असती?

आपली,
उचिउआ, एवाल्डची ओमुरामवे

—

ओकाकारारा,
२४ जून १९९३

प्रति,
१. श्री. एवाल्ड कातुउओ, ओकाकारारा
२. श्रीमती उचिउआ, त्साऊ

विषय : नात्याच्या नोंदीत दुरुस्ती.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, श्रीमती उचिउआ यांचे दिनांक ३ जूनचे पत्र या कचेरीस प्राप्त झाले. पाकीट आधीच उघडलेले व पुन्हा डिंकाने चिकटवलेले होते. सदर पत्र पुरावा म्हणून ग्राह्य धरावे किंवा कसे, हे ठरविण्यासाठी ते कर्मचाऱ्यांसमोर मोठ्याने वाचण्यात आले. खात्री पुरेशी न झाल्याने ते आणखी दोन वेळा वाचण्यात आले.

त्यानंतर अर्जदारास समक्ष बोलावून पत्रातील वर्णनाशी ताडून पाहण्यात आले. कानांविषयीचा मजकूर बरोबर आढळला. डोक्याविषयीचा मजकूर सौम्य आढळला. पत्र ऐकून आपणास राग आला काय, असे अर्जदारास विचारण्यात आले. अर्जदार त्या वेळी हसत होते व डोळे पुसत होते. तेच त्यांचे उत्तर म्हणून नोंदवून घेण्यात आले.

सबब, असे पत्र कोणतीही बहीण भावास लिहू शकत नाही, असे या कचेरीचे मत झाले आहे. 'भाऊ-बहीण' या चौकटीतील फुली रद्द करण्यात येत असून, अर्जावर पट्टीने नवी चौकट आखून त्यात 'ओमुरामवे' असे शाईने लिहिण्यात आले आहे. अर्ज मूळ तारखेचाच धरला जाईल. सदर शब्दाचे भाषांतर जोडलेले नाही. ज्यांना अर्थ हवा असेल त्यांनी कचेरीच्या वेळेत येऊन विचारावा.

आ. चिरिमुये

ता. क. (खासगी) मावशी, माझा ओमुरामवे विंडहुकला असतो. तीन वर्षं मी त्याला 'प्रिय कझिन' असं लिहीत आले, आणि तोही मला तब्येतीची काळजी घे असं लिहितो. आज त्याला नीट पत्र लिहिलं. तुमची दोन वाक्यं उसनी घेतली आहेत, कानांची. त्याचे कान तसे लहान आहेत, पण चालेल.

—

ओकाकारारा,
२७ जून १९९३

मोठ्या तोंडाच्या, मिठाच्या हाताच्या उचिउआला,

पाकीट मी उघडलं होतं. तू सांगितलंस म्हणूनच उघडलं.

घरी वाचलं तेव्हा हसलो. कचेरीत त्या बाई मोठ्याने वाचायला लागल्या, सगळे टेबलं बडवून हसत होते, खिडकीतली मुलगी शेजारणीला विचारत होती, "आता काय म्हणाली? आता काय म्हणाली?" आणि माझं मात्र मधेच काय झालं कोण जाणे. हिल्देगार्ड गुणाची बाई होती, तिने मला तीस वर्षांत वाकडा शब्द ऐकवला नाही. मुलं मान देतात, नातवंडं आजोबा म्हणून दबून असतात, गावातले लोक टोपी काढतात. उचिउआ, मान मिळून मिळून मी इतका एकटा पडलो होतो, हे मला त्या भोपळ्याच्या वाक्यापाशी कळलं.

आणि तू दोन वर्षं वाट पाहिलीस, हे मला सांगितलं नव्हतंस. मी तीन पाहिली. हेही मी तुला सांगितलं नव्हतं.

काल शेळीला खुर्चीवरून उतरवलं. तिने मला शिंग मारलं. खुर्ची घासून धुतली, पाय डगमगत होता तो ठोकून बसवला. आता जास्तच डगमगतो, पण तू बसलीस की वजनाने सरळ होईल.

आता विचारतो. मधे चौकट नाही, कुंपण नाही, पाद्रीबुवा वही उघडून बसले आहेत. माझ्याशी लग्न करशील का, म्हातारे?

तुझा ओमुरामवे, आता शिक्क्यासकट,
एवाल्ड

—

तार
माउन, १६ जुलै १९९३

हिरवा झगा पुरा झाला. गाडीत जागा मिळाली. तांबड्या गाईपाशी खूप रडले. गुरुवारी पोचते. दार परत मोजून ठेव. तुला वेगळं उत्तर कशाला हवं? तुझे कान एवढे मोठे, माझं हो तिथूनच ऐकलं असशील.